पॅच लावला आणि बिल्डवर्ल्ड फुटलं, आता एरर शोधायची कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) सरावासाठी फ्रीबीएसडी १४.१ ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, दोन जीबी रॅम दिलीय, गिटने रेलेंग/१४.१ ब्रँचचा सोर्स /यूएसआर/एसआरसी मध्ये घेतला, जुलै २०२४ च्या ओपनएसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) सिक्युरिटी ॲडव्हायजरीतला पॅच (सोर्समधल्या दुरुस्तीची फाईल) उतरवून लावला, पॅचने मध्येच काहीतरी विचारलं तेव्हा एंटर दाबलं आणि पुढे गेलात. मग मेक -जे८ बिल्डवर्ल्ड, म्हणजे सोर्सपासून कर्नल सोडून बाकी सगळी सिस्टिम बनवायची कमांड, अर्ध्यात थांबलं, परत चालवलं तर एरर दुसरीच, रात्री लॅपटॉप मिटून ठेवला, सकाळी उघडल्यावर बिल्ड पूर्ण झालं पण ते मशीनवर बसवणारं इन्स्टॉलवर्ल्ड "टच: नॉट फाउंड" म्हणून थांबलं. आणि आता तुम्ही विचारताय की पॅच खराब आहे का.

पॅच खराब नाहीये. तीन एरर, तिघींची कारणं वेगळी, आणि एकीचाही पॅचमधल्या कोडशी काही संबंध नाही. पण खरी घातक गोष्ट या तीन एररमध्ये नाहीच, ती त्या एंटरमध्ये आहे, म्हणून आधी ती घेतो.

फ्रीबीएसडीच्या सोर्समध्ये ब्रँच तीन प्रकारच्या असतात, मेन जिथे रोजचं काम चालतं, स्टेबल जिथे तपासून झालेले बदल येतात, आणि रेलेंग जिच्यात एखादं रिलीज बाहेर पडल्यावर फक्त सिक्युरिटीचे आणि मोठ्या बगचे फिक्स टाकतात. ॲडव्हायजरी जाहीर होते तेव्हा फिक्स रेलेंगमध्ये गेलेलाच असतो. तुमची ॲडव्हायजरी २४:०४, १ जुलै २०२४ ची, तीच ती रेग्रेशनवाली, २००६ मध्ये बुजवलेलं सिग्नल हँडलरचं भोक परत उघडं पडलं होतं ते. आता तुम्ही रेलेंग/१४.१ क्लोन केलीत म्हणजे तो फिक्स तुमच्याकडे आधीच आला, त्यावर तुम्ही तोच पॅच परत लावायला गेलात, मग पॅच प्रोग्रॅमने ओळखलं की हे बदल इथे आधीच दिसतायत आणि विचारलं "रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड पॅच डिटेक्टेड, अझ्यूम -आर?" आणि पुढे चौकोनी कंसात वाय. तो वाय म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर हो. आणि -आर म्हणजे पॅच उलटा लावा. थोडक्यात, बुजवलेलं भोक तुम्ही स्वतःच्या हाताने परत उघडलंत, आणि वाईट म्हणजे यात एकही एरर येत नाही, कोड मस्त कंपाईल होतो, कारण कालपरवापर्यंत तो तसाच तर होता ना.

म्हणून बिल्डचं काहीही करण्याआधी /यूएसआर/एसआरसी मध्ये जाऊन गिट स्टेटस मारा आणि गिट डिफ बघा. क्रिप्टो/ओपनएसएसएच खालच्या फाईल्स बदललेल्या दिसल्या तर गिट रिस्टोर ने त्या मूळ जागी आणा, बाकी पॅचची गरजच नाहीये. पॅच फाईल हाताने लावायची ती गिट न वापरणाऱ्यांनी, म्हणजे इन्स्टॉल करताना रिलीजच्या दिवशीचा सोर्स टारबॉलमधून टाकला आणि नंतर त्याला हातच लावला नाही अशांनी. दोन्ही एकत्र करायचं नसतं. आणि हाताने लावायचाच असेल तर आधी कॅपिटल सी चा ऑप्शन देऊन चालवा, त्याने फाईलींना धक्का न लावता नुसतं सांगतो की लागेल की नाही. "हंक सक्सीडेड" (हंक म्हणजे पॅचमधला एक तुकडा) आणि पुढे ऑफसेट एवढंच असेल तर ठीक, ओळी थोड्या सरकल्यात. फझ म्हणाला, म्हणजे आजूबाजूच्या ओळी पूर्ण जुळल्या नाहीत, तर डोळ्यांनी बघा कुठे बसलाय. आणि हंक फेल झाला, न लागलेल्या तुकड्याची .आरईजे फाईल पडली, तर तिथेच थांबा, कारण बहुतेक वेळा तुमचा सोर्स आणि पॅच वेगवेगळ्या व्हर्जनचे असतात. ॲडव्हायजरीत प्रत्येक व्हर्जनला वेगळी पॅच फाईल असू शकते, लोक पहिली दिसेल ती उचलतात. .आरईजे मधल्या ओळी हाताने चिकटवून बिल्ड पुढे ढकलणारे मी पुष्कळ बघितलेत, सिक्युरिटी फिक्सच्या बाबतीत तरी हे करू नका, कंपाईल होईल पण भोक बुजलं की नाही ते कोण सांगणार.

(एक बाजूला सांगतो, १४.१ चा सपोर्ट मार्च २०२५ अखेर संपलाय. सरावाला ठीक आहे, पण हेच व्हर्जन कुठल्या खऱ्या सर्व्हरवर असेल तर पॅच-बिच सोडा आणि आधी अपग्रेड करा, कारण त्यानंतरच्या ॲडव्हायजरींचे फिक्स त्या ब्रँचमध्ये येतच नाहीत.)

आता पहिली एरर. तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या वीस ओळींमध्ये एकच वाक्य वेगवेगळ्या डिरेक्टरीच्या नावाने परत परत आहे, "अ फेल्युअर हॅज बीन डिटेक्टेड इन अनदर ब्रँच ऑफ द पॅरलल मेक". ते वाक्य नीट वाचा, ते म्हणतंय की घोटाळा इथे नाही, दुसरीकडे झालाय, आणि मी फक्त त्यामुळे थांबतोय. -जे८ दिलं की आठ कामं एकाच वेळी चालतात, त्यातलं एक पडलं की बाकीची सात आपापलं हातातलं संपवून हळूहळू थांबतात, तोवर खरी एरर शेकडो ओळी वर निघून गेलेली असते. स्क्रीनवरची शेवटची ओळ म्हणजे एरर, ही सवय आपल्याला छोट्या प्रोग्रॅममुळे लागलेली असते आणि इथे ती पूर्ण फसवते.

त्यामुळे बिल्ड कायम लॉगमध्ये घ्यायचं. स्क्रिप्ट कमांड वापरा किंवा सरळ आउटपुट फाईलमध्ये वळवा. टी ला (आउटपुट स्क्रीनवर आणि फाईलमध्ये दोन्हीकडे देणारी कमांड) पाईप केलं तर लक्षात ठेवा की शेलला मेकचा नाही तर टी चा निकाल कळतो, म्हणजे "बिल्ड झालं की लगेच इन्स्टॉल" असं अँड-अँड लावून ठेवलं असेल तर फुटलेल्या बिल्डवरसुद्धा इन्स्टॉल सुरू होईल. मग लॉगमध्ये वरून खाली शोधायचं, खालून वर नाही, शब्द दोनच, "एरर" च्या पुढे कोलन, आणि "किल्ड". पहिली जी सापडेल तीच खरी, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या. सापडलं नाही तर -जे काढून तेच परत चालवा, एकावेळी एकच काम असलं की जिथे पडेल तिथेच थांबतं.

तुमच्या लॉगमध्ये ती ओळ काय निघणार ते मी न बघता सांगतो, "क्लँग: एरर: अनेबल टू एक्झिक्यूट कमांड: किल्ड" किंवा त्याचंच भावंड. दोन जीबी रॅम आणि -जे८. बिल्डवर्ल्डमध्ये नुसता तुमचा एसएसएच नसतो, पूर्ण क्लँग आणि एलएलव्हीएम कंपायलर सुद्धा असतो आणि बिल्डचा सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. त्यातल्या काही सी प्लस प्लस फाईल्स एकट्याच एक जीबीच्या आसपास खाऊ शकतात, आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर येतो तो वेगळाच. आठ अशा फाईल्स एकदम आल्या की कर्नल सगळ्यात मोठा प्रोसेस बघून मारतो. खात्री करायची तर डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा, तिथे सी प्लस प्लस किंवा एलडी.एलएलडी (तोच लिंकर) "वॉज किल्ड: फेल्ड टू रीक्लेम मेमरी" असं लिहिलेलं असेल. कोअरइतके जॉब्स द्या हा सल्ला सगळीकडे मिळतो पण तो रॅम भरपूर आहे असं गृहीत धरून दिलेला असतो.

उपाय साधा आहे. -जे२ करा, आणि चारएक जीबी स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) द्या. वेगळं पार्टिशन नसेल तर फाईलवर स्वॅप चालतो, डीडी ने शून्यं भरून फाईल बनवा (ट्रंकेटने बनवलेली पोकळ फाईल नको, तिची जागा प्रत्यक्षात आधीपासून घेतलेली नसते), परमिशन ०६०० ठेवा, एफएसटॅबमध्ये एमडी (फाईलला डिस्कसारखं दाखवणारं डिव्हाइस) ची ओळ टाका आणि स्वॅपऑन करा. डिस्कची फाईलसिस्टिम झेडएफएस असेल तर मात्र फाईलवर स्वॅप टाळा, मेमरी कमी पडल्यावर स्वॅपमध्ये लिहायला झेडएफएसलाच मेमरी लागते आणि मशीन गपकन गोठतं, त्यापेक्षा व्हीएमला एक वेगळी व्हर्च्युअल डिस्क जोडून ती पूर्ण स्वॅपला द्या. आणि /यूएसआर/ओबीजे (बिल्डमध्ये बनलेल्या फाईल्स इथे पडतात) साठी दहाएक जीबी जागा मोकळी आहे ना तेही बघून घ्या, डिस्क भरल्यावर येणाऱ्या एरर कधी कधी इतक्या विचित्र असतात की डिस्कचं नाव पण डोक्यात येत नाही.

छोट्या मशीनसाठी एक आडवाट आहे, /ईटीसी/एसआरसी.कॉन्फ मध्ये विदाउट_क्लँग टाकलं की कंपायलर परत बनवला जात नाही आणि वेळ कितीतरी वाचतो. त्याच रिलीजवर पॅच लेव्हल वाढवताना हे चालतं, आधीचा कंपायलर जागेवर राहतो. पण ही ओळ फाईलमध्ये असताना मेक डिलीट-ओल्ड चालवलंत तर ते म्हणेल की क्लँग नकोय म्हणालात ना, आणि एक एक फाईल विचारत कंपायलरच काढून टाकेल, मग पुढचं बिल्ड कशाने करणार.

दुसऱ्या खेपेला एरर बदलली त्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही ओळखता येतात. पहिलं आणि जास्त शक्यतेचं, आधीचं बिल्ड मेमरीमुळे मध्येच कापलं गेलं, तेव्हा एखादं टूल हेडर फाईल किंवा टेबल लिहीत होतं आणि ती अर्धी राहिली. मेकला फाईलचा फक्त टाईमस्टँप दिसतो, आत काय आहे ते दिसत नाही, फाईल आहे आणि नवी आहे म्हणजे झालं असं समजून ते पुढे जातं, आणि तिसऱ्याच ठिकाणी "अनडिक्लेअर्ड आयडेंटिफायर" सारखी एरर येते. लोक मग त्या सी फाईलमध्ये डोकं घालतात, तिथे काही सापडणार नाही. /यूएसआर/ओबीजे पूर्ण उडवा, काही फाईल्स निघत नसतील तर आधी सीएचफ्लॅग्स ने नोएसचेंज करा (बदल-बंदी काढा) मग आरएम. काही तास वाया जातील म्हणून जीवावर येतं, पण अर्धवट ओबीजेवर ताशी एक अशा एरर सोडवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. रोजच्या रोज बिल्ड करणाऱ्यांसाठी मेटा मोड आहे, फाइलमॉन मॉड्यूल लोड करून तो लावला तर मेक टाईमस्टँपशिवाय कमांड आणि वापरलेल्या फाईल्सही बघतं, तेव्हा अर्धवट बिल्ड जास्त भरवशाचं होतं, पण तुम्ही आत्ताच सुरू करताय तर त्यात शिरू नका.

दुसरं कारण हार्डवेअर. सिग्नल ११ ने (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) कंपायलर पडत असेल आणि दर वेळी वेगळ्या फाईलवर पडत असेल तर रॅम किंवा गरम होणारा प्रोसेसर बघा, दर वेळी त्याच फाईलवर त्याच ओळीवर पडत असेल तर मग सॉफ्टवेअर. हा फरक फार जुना आणि अजूनही खरा. बिल्डवर्ल्ड रॅमला जितकं पिळतं तितकं रोजचं काही पिळत नाही, त्यामुळे "इतर वेळी मशीन नीट चालतं" हा पुरावा नाही. सिग्नल ४ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) आला तर गोष्ट वेगळी, /ईटीसी/मेक.कॉन्फ मध्ये कुठून तरी उचललेली सीपीयूटाईप ची ओळ असते आणि व्हीएमला तो प्रोसेसर दिसतच नसतो. तसल्या ओळी, -ओ३ वगैरे, सगळ्या काढून टाका. कुठलीही बिल्ड एरर घेऊन कोणाकडे गेलात तर पहिलं विचारतील मेक.कॉन्फ आणि एसआरसी.कॉन्फ रिकामे करून बघितलं का.

आणि पॅचवर संशय असेल तर तो मिटवायची पद्धत एकच आहे, पॅच न लावलेला सोर्स, रिकाम्या ओबीजेवर, रिकाम्या कॉन्फवर बिल्ड करून बघायचा. तो पण फुटला तर पॅच निर्दोष. नाही फुटला तरच पॅचकडे बघायचं. इतकी साधी चाचणी, पण बहुतेक जण करत नाहीत कारण वेळ जातो, आणि मग त्याच्या दुप्पट वेळ चुकीच्या फाईलमध्ये घालवतात.

आता "टच: नॉट फाउंड". टच कमांड (फाईलचा टाईमस्टँप बदलणारी) मशीनवर आहे की, मग सापडत कशी नाही? इन्स्टॉलवर्ल्ड चालू असताना ते सिस्टिमची स्वतःची टूल्सच बदलत असतं, म्हणून सुरुवातीला ते लागतील तेवढी मोजकी टूल्स एका तात्पुरत्या डिरेक्टरीत कॉपी करतं आणि पाथ फक्त तिकडे लावतं. इन्स्टॉल म्हणजे नुसती कॉपी, त्यामुळे त्या डिरेक्टरीत टचही नसतो आणि सीसी (कंपायलर) पण नसतो. म्हणजे इन्स्टॉलवर्ल्डला टच लागला याचा अर्थ ते काहीतरी परत बनवायला गेलं, आणि परत बनवायला गेलं कारण त्याला एखादी सोर्स फाईल तिच्या ऑब्जेक्टपेक्षा नवी दिसली.

हे कशामुळे झालं ते तुमच्याच प्रश्नात आहे, रात्री लॅपटॉप मिटला. व्हीएम झोपलं, सकाळी उठलं तेव्हा त्याचं घड्याळ चुकलेलं, मग टाईम सिंकने ते मागेपुढे करत जागेवर आणलं, आणि घड्याळ मागे गेलं की बिल्डचे टाईमस्टँप उलटसुलट होतात. स्नॅपशॉट रिस्टोर केल्यावर पण हेच होतं, आणि रॅस्पबेरी पाय सारख्या बोर्डवर, ज्यांना बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं, हे नेहमीचं दुखणं आहे. घड्याळ बरोबर करा, एनटीपीडी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे ना बघा, ओबीजे उडवून बिल्ड परत करा, आणि बिल्ड ते इन्स्टॉल होईपर्यंत व्हीएम झोपू देऊ नका. टचची एरर आली म्हणून टच ची कॉपी त्या तात्पुरत्या डिरेक्टरीत टाकायचा जुगाड कुठेतरी सुचवलेला दिसेल, तो केलात तर पुढची एरर सीसी ची येईल.

इन्स्टॉलवर्ल्ड मध्ये थांबलं म्हणजे सिस्टिम अर्धी नवी अर्धी जुनी आहे. घाबरायचं कारण नाही, एकाच रिलीजच्या आतल्या पॅच लेव्हलमध्ये लायब्ररींचे इंटरफेस सहसा बदलत नाहीत, त्यामुळे नव्या बिल्डने परत इन्स्टॉल केलं की जुळून येतं. तरी यापुढे झेडएफएस असेल तर बीईसीटीएल ने बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची परत जाता येईल अशी प्रत) बनवून मगच इन्स्टॉल करा, बिघडलं तर बूट मेनूतून जुन्यात परत. यूएफएस असेल तर निदान व्हीएमचा स्नॅपशॉट. आणि अगदीच शेल पण चालेना झालं तर /रेस्क्यू मध्ये स्टॅटिक लिंक केलेली टूल्स असतात, ती लायब्ररींवर अवलंबून नसतात, सिंगल यूजरमध्ये जाऊन त्यांच्या जोरावर बरंच काही सावरता येतं. कर्नलचं म्हणाल तर आधीचा कर्नल /बूट/कर्नल.ओल्ड मध्ये राहतो, पण लागोपाठ दोनदा इन्स्टॉलकर्नल केलंत तर ओल्ड मध्ये पण तोच बिघडलेला जाऊन बसतो, तेवढं सांभाळा.

क्रम तर माहीत असेलच, बिल्डवर्ल्ड, बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट, इन्स्टॉलवर्ल्ड, ईटीसीअपडेट (/ईटीसी मधल्या कॉन्फिग फाईल्स जुळवायला), परत रीबूट. पॅच लेव्हलपुरतं मधलं रीबूट गाळणारे खूप आहेत आणि बहुतेकदा निभतं, रिलीज बदलताना मात्र गाळू नका. सोर्स नवीन घेतल्यावर अपडेटिंग नावाची फाईल वरच असते, ती वाचा, अर्ध्या एररचं उत्तर तिथे लिहिलेलं असतं.

आणि एक प्रश्न तुम्हाला उलटा, हे सगळं सोर्समधून कशाला करताय? शिकायला करत असाल तर छान, यातून जे कळतं ते दुसरीकडे कळत नाही. पण साधा जेनेरिक कर्नल आहे, मशीन एएमडी६४ किंवा एआरएम६४ आहे, तर फ्रीबीएसडी-अपडेट फेच आणि इन्स्टॉल ने हेच काम काही मिनिटांत होतं. सोर्सची वाट कस्टम कर्नलवाल्यांची, एसआरसी.कॉन्फ मध्ये बदल केलेल्यांची आणि ज्यांच्या आर्किटेक्चरला बायनरी अपडेट मिळत नाहीत त्यांची. आज भोक उघडं आहे आणि बिल्ड होत नाहीये अशी वेळ खऱ्या सर्व्हरवर आली तर ॲडव्हायजरीतच तात्पुरता उपाय दिलेला असतो, या वेळी तो एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर) च्या कॉन्फिगमध्ये लॉगिनग्रेसटाईम शून्य करण्याचा होता, त्याने कोणी कनेक्शन अडवून धरू शकतं पण आत तर येऊ शकत नाही.

शेवटचं राहिलं ते तपासायचं. एसएसएचचा मोठा भाग एका वेगळ्या प्रायव्हेट लायब्ररीत असतो, त्यामुळे वेळ वाचवायला फक्त एसएसएचडी च्या डिरेक्टरीत मेक इन्स्टॉल करून भागेलच असं नाही, फिक्स लायब्ररीत असेल तर तो तसाच राहतो. पूर्ण इन्स्टॉल झाल्यावर एसएसएचडी -टी ने कॉन्फिग तपासा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि आत्ताचं सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का बघा. फाईल बदलली तरी चालू असलेला प्रोसेस जुनाच कोड मेमरीत धरून असतो, रीस्टार्ट विसरलात तर सगळी मेहनत डिस्कवरच राहिली. ते लॉगिन एसएसएच -स्मॉल व्ही ने करा आणि दिसणारी सर्व्हरच्या व्हर्जनची ओळ बघा, त्यात फ्रीबीएसडी च्या पुढे तारीख असते, ती ॲडव्हायजरीच्या दिवसाची किंवा नंतरची हवी. फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू ने कर्नल, चालू कर्नल आणि यूजरलँड तिघांचे आकडे मिळतात. गिटच्या ब्रँचमधून बिल्ड केलं असेल तर पी चा (पॅच लेव्हलचा) आकडा वाढलेला दिसेल, पॅच फाईल हाताने लावली असेल तर तो आकडा बहुधा जुनाच राहतो कारण तो वेगळ्याच फाईलमध्ये लिहिलेला असतो जिला पॅच हात लावत नाही, आणि ऑफिसमधला स्कॅनर आकडा बघून अजून लाल दाखवत असेल तर त्याचं कारण हे, तिथे त्यांना व्हर्जनच्या ओळीतली तारीख दाखवा.